चिलटाएवढी माशी

आमच्या घराण्यात मासा आला तो फक्त दोन ठिकाणी. एक दशावतारांच्या तसबिरीत आणि दुसरा माझ्या नेमणूकपत्रात. पहिल्याची नित्य पूजा होत असे. दुसऱ्याविषयी घरात फारसे बोलले जात नसे.

माझे पणजोबा बीडकडून हैदराबादेत आले आणि शालीबंड्यात बिऱ्हाड करून राहिले. बीड तेव्हा निजामाच्याच राज्यात होते, त्यामुळे आपण मुलूख सोडला असे त्यांना वाटण्याचे कारण नव्हते. १९५६ साली राज्याची वाटणी झाली आणि घराचा उंबरठाही न ओलांडता आम्ही परप्रांतीय झालो. आपल्यापैकी अनेकांच्या घरची हकीकत थोड्याफार फरकाने हीच असेल. वडील, म्हणजे आमचे अण्णा, मराठी शाळेत शिक्षक होते. घरात सोवळेओवळे कडक. कांदासुद्धा चातुर्मासात हद्दपार होत असे. अशा घरातला मुलगा उस्मानियातून प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाला आणि १९८३ मध्ये आंध्र प्रदेश शासनाच्या मत्स्यव्यवसाय खात्यात रुजू झाला. त्या काळी सरकारी नोकरीला नाही म्हणण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, म्हणून अण्णांनी संमती दिली. नातेवाइकांत मात्र ते एवढेच सांगत, "मुलगा सरकारी नोकरीत आहे." कोणत्या खात्यात, असे विचारलेच तर, "जलाशयांसंबंधी काही काम असते," असे उत्तर मिळे. ते खोटेही नव्हते.

खात्यातही माझे कौतुक कमी नव्हते. पहिल्याच दिवशी एका वृद्ध शिपायाने मला आपादमस्तक न्याहाळले आणि खास दखनी ढंगात विचारले, "क्या साब, बम्मन होके मछली के महकमे में?" चौतीस वर्षांनी, २०१७ साली, तेलंगण शासनाचा उपसंचालक म्हणून मी निवृत्त झालो, तेव्हाही त्या प्रश्नाला माझ्याजवळ नीटसे उत्तर नव्हते. आज त्या प्रश्नाची आठवण होण्याचे कारण मात्र हैदराबादेत घडलेले नाही. ते अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातील बोल्डर गावच्या एका ओढ्यात, गुडघाभर थंड पाण्यात घडले. पण ते समजण्यासाठी आधी मला वाचकांना निजामाबाद जिल्ह्यात न्यावे लागेल.

रोहू, कटला, मृगळ हे आपल्याकडील मोठे मासे बंद तळ्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. हिरालाल चौधुरी या शास्त्रज्ञाने १० जुलै १९५७ रोजी पोषग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवून आणले आणि देशातील मत्स्यशेतीचे स्वरूपच पालटले. आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात हा अर्क आम्हालाच तयार करावा लागे. त्यासाठी मासळी बाजारात जाऊन कापलेल्या माशांच्या डोक्यांतून मेंदूखालची ती ज्वारीच्या दाण्याहून लहान ग्रंथी चिमट्याने अलगद उचलायची आणि मद्यार्काच्या बाटलीत टाकायची. पहाटे आंघोळ, संध्या करून मी बेगम बाजारात जात असे आणि दुपारी पुन्हा आंघोळ करूनच स्वयंपाकघरात पाऊल ठेवत असे. आईने हे कधी सांगितले नव्हते. तिच्या नजरेनेच ते ठरले होते.

१९८८ च्या पावसाळ्यात माझी नेमणूक निजामाबाद जिल्ह्यातील एका मत्स्यबीज केंद्रावर होती. अण्णा नुकतेच सेवानिवृत्त झालेले, त्यांना दम्याचा त्रास, तरी ते आषाढीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आले. नेमकी त्याच रात्री प्रजननाची तयारी होती. आभाळ भरून आले होते, पाणी निवले होते. अशी रात्र दवडून चालत नाही. मी कंदील घेऊन निघालो तसे अण्णा म्हणाले, "मीही येतो."

संध्याकाळी मादीला अर्काची पहिली मात्रा दिली होती, सहा तासांनी दुसरी. मग तिला दोन नरांसह पाण्यात बांधलेल्या कापडी हौद्यात सोडले. त्याला आम्ही हापा म्हणतो. पहाटेच्या सुमारास आतून पाण्याच्या थपडा ऐकू येऊ लागल्या आणि थोड्याच वेळात शांतता झाली. मी बशीभर पाणी काढून कंदिलाखाली धरले. त्यात शेकडो अंडी होती. फलित झालेले कार्पचे अंडे पाणी पिऊन फुगते आणि काचेसारखे पारदर्शक होते. अण्णा वाकून पाहत राहिले. काही तास थांबलात तर आतला जीव वळवळताना दिसेल असे मी म्हणालो, तर ते तिथेच एका उलट्या टोपलीवर बसले आणि थांबले. अंड्याच्या आत एक केसासारखी रेषा थरथरू लागली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा पाहिले. विठ्ठलाच्या देवळातही मी त्यांना इतके एकाग्र झालेले क्वचितच पाहिले असेल.

घरी आलो. एकादशी होती. सौभाग्यवतीने साबुदाण्याची खिचडी करण्यासाठी रात्रीच साबुदाणा भिजत घातला होता. पातेल्यावरचे झाकण तिने काढले आणि अण्णांची दृष्टी आत गेली. फुगलेले, टपोरे, अर्धपारदर्शक दाणे. ते काही बोलले नाहीत. "मी आज निर्जळी करीन," एवढेच म्हणाले. दुपारी ओसरीवर आम्ही दोघेच असताना त्यांनी विचारले, "तू यांना एवढ्या जिवापाड जन्माला घालतोस. ते कशासाठी? शेवटी मारण्यासाठीच ना?"

मी आकडे सांगितले. कोळी समाजाच्या सहकारी संस्था, तळ्यांची लिलावपद्धत, एका माणसाला लागणारी प्रथिने. अण्णांनी सगळे ऐकून घेतले. गणित चुकलेल्या विद्यार्थ्याचे उत्तर शिक्षक शेवटपर्यंत ऐकतो, तसे. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही आणि साबुदाणाही पुन्हा खाल्ला नाही. १९९९ मध्ये ते गेले. मृगाच्या दिवशी हैदराबादेत दम्याच्या रुग्णांना जिवंत मरळीच्या पिलातून जे औषध देतात, त्यासाठी ती पिले पुरवण्याच्या कामावर मी कित्येक वर्षे होतो. त्या औषधाला वैद्यकशास्त्राचा आधार मिळालेला नाही, हे मला ठाऊक होते. तरीही एकदा अण्णांना मी सुचवून पाहिले होते. शाकाहारी लोकांना ते गुळातून देतात. अण्णा म्हणाले, "गुळातून घेतले तरी रांग तीच ना." ते गेले नाहीत.

आता बोल्डर. माझी मुलगी आणि जावई तिथे गेली बारा-तेरा वर्षे आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता तिकडे गेलो. नातू चौदा वर्षांचा. मराठी समजते, बोलताना क्रियापदापाशी अडखळतो. आजवरच्या भेटींत त्याचे आणि माझे संभाषण "जेवलास का" आणि "शाळा कशी आहे" यापुढे सरकले नव्हते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. माझ्याजवळही त्याला सांगण्यासारखे काही नाही, असे मीच धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी त्याच्या खोलीत सहज डोकावलो तर हा टेबलाशी बसून, दिव्याच्या प्रकाशात, एका चिमट्यासारख्या यंत्रात काहीतरी पकडून त्यावर दोरा गुंडाळीत होता. मी विचारले, "काय करतोस?" तो म्हणाला, "आजोबा, माशी."

मराठी भाषेची गंमत पाहा. ट्राउट नावाचा मासा धरण्यासाठी तो माशी बनवीत होता. गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी लावण्याची पद्धत आपण पाहिलेली आहे. या प्रकारात आमिष काहीच नसते. दोरा, पीस, बारीक तार यांपासून कीटकाचा आभास निर्माण करायचा, तोही गळावरच, आणि तो पाण्यात अशा रीतीने सोडायचा की माशाला तो खराच वाटावा. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासच्या सनदी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये लिहिलेला 'द रॉड इन इंडिया' हा ग्रंथ आमच्या खात्याच्या कपाटात होता आणि मी तो वाचलाही होता. तरी नातवाच्या यंत्रात जे होते ते पाहून मी थक्क झालो. तिळाहून जेमतेम मोठा गळ, त्यावर काळ्या दोऱ्याचे वेढे, वेढ्यांवर रुपेरी तारेच्या कड्या आणि डोक्याशी एक इवलासा मणी. गळाचा क्रमांक बावीस. यांच्याकडे क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान असतो. आमच्या सरकारी वर्गवारीतही चौथा वर्ग पहिल्याहून लहानच असे, त्यामुळे मला हे चटकन उमगले.

"हा कोणता कीटक?" मी विचारले. त्याने इंग्रजी नाव सांगितले आणि मी मराठीत म्हणालो, "म्हणजे चिलट!" तो शब्द त्याला नवा होता. त्याने तो दोन-तीनदा उच्चारून पाहिला.

मग मात्र मी खुर्ची ओढून बसलो, कारण हा माझा विषय होता. ही न चावणारी चिलटे शास्त्रीय भाषेत कायरोनोमिड कुळातली. संध्याकाळी टँक बंडवर फिरायला गेलेल्या प्रत्येक हैदराबादकराच्या डोळ्यांत, नाकात आणि पांढऱ्या सदऱ्यावर ती गेलेली आहेत. त्यांची अळी पाण्याच्या तळाशी गाळात राहते. तिची एक जात रक्तासारखी लाल असते, कारण तिच्या शरीरात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते. पाण्यात प्राणवायू अत्यल्प असला तरी ती तेवढ्यावर तग धरते. इब्राहीम कुली कुतुबशहाच्या काळात, १५६२ मध्ये, हुसेन शाह वली यांनी बांधवून घेतलेल्या हुसेनसागरात पुढे शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी येऊ लागले. त्यात मासे मरून तरंगताना मी स्वतः पाहिले आहेत, पण तळाचा गाळ काढला की त्यात ही लाल अळी मात्र बिनधास्त वळवळत असायची. आमच्या अहवालात ती आली की पाणी बिघडले असे आम्ही समजत असू.

आणि ट्राउट? त्याची गोष्ट नेमकी उलट. १९९२ मध्ये खात्याने मला अभ्यासदौऱ्यावर कुलू खोऱ्यातील पतलीकूहलच्या ट्राउट केंद्रावर धाडले होते. तिथे प्रथमच मी हा मासा पाहिला. पाणी वीस अंशांच्या वर तापले की तो कासावीस होतो, प्राणवायू जरा कमी झाला की संपतो. रोहूचे अंडे चौदा ते अठरा तासांत फुटते. ट्राउटच्या अंड्याला दहा अंशांच्या पाण्यात महिना लागतो. हिंदुस्थानात हा मासा आणला तो इंग्रजांनी, आपल्या करमणुकीसाठी. निलगिरीत फ्रान्सिस डे यांनी १८६० च्या दशकात केलेले प्रयत्न फसले. काश्मीरसाठी १८९९ मध्ये निघालेली अंडी वाटेतच नासली आणि पुढल्या वर्षीची तगली. असा हा नाजूक मासा स्वच्छ, थंड पाण्यात राहून जे खातो त्यात मोठा वाटा असतो तो चिलटांचा. म्हणजे एकच कुळ, एक शाखा हुसेनसागरच्या गाळात आणि दुसरी रॉकी पर्वताच्या हिमजलात. नातू हातातले काम थांबवून ऐकत होता. माझ्या चौतीस वर्षांच्या सेवेत इतका चांगला श्रोता मला लाभला नव्हता. वरिष्ठांच्या बैठका धरूनही नाही.

त्याने मग आपली डबी उघडून एकेक माशी दाखवली. त्यांतल्या एका करड्या माशीचे नाव होते 'आरएस-टू'. रिम चंग नावाच्या, कोरियाहून येऊन डेन्व्हरला स्थायिक झालेल्या गृहस्थांनी साउथ प्लॅट नदीसाठी ती बनवली. नावातला दुसरा शब्द सारखेपणा, भास अशा अर्थाचा आहे. कीटकाची हुबेहूब नक्कल करायची नाही, त्याचा भास पुरेसा आहे, अशी त्यामागची दृष्टी. रज्जूवर सर्पाचा भास होतो हे अण्णांनी मला लहानपणी शिकवले होते. दोऱ्यावर चिलटाचा भास करणारा कोरियन त्यांना नक्कीच आवडला असता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जावयाने माझा परवाना काढला. कोलोरॅडोत सोळा वर्षांखालील मुलांना तो लागत नाही, मला लागला. मासेमारीचे परवाने ज्याने हयातभर दिले, त्याने साठीनंतर पहिल्यांदा घेतला. परवान्यावरची नियमावली मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. घरातले हसले.

बोल्डरचा ओढा गावाच्या मधून वाहतो. वर खिंडीत गेले की दोन्ही बाजूंना खडकांचे कडे आणि मधे दहा-बारा पावलांचा प्रवाह. काठाला बर्फाची झालर होती. रबरी विजारी घालून पाण्यात उतरलो, तेव्हा गुडघ्यांनी आपले वय सांगितले. अकरा वाजेपर्यंत काही नव्हते. मग उन्हे खडकावर आली आणि नातू म्हणाला, "आजोबा, चिलट!" काठच्या बर्फावर काळे ठिपके चालत होते. हिमावर चालणारी चिलटे मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. मी एक दगड उचलून उलटा केला. खाली मातीच्या बारीक नळ्यांत अळ्या होत्या, पण लाल नव्हत्या, फिकट हिरवट होत्या. इथे त्यांना प्राणवायूची ददात नव्हती.

या मासेमारीतले मर्म मला नातवाने शिकवले, ते असे. हिवाळ्यात पाणी चार-पाच अंशांवर असते तेव्हा ट्राउट शक्ती जपून वापरतो. तळाशी, संथ धारेत उभा राहतो आणि तोंडासमोरून वाहत जाणारे तेवढेच टिपतो. वीतभर बाजूने गेलेल्या घासासाठीही तो हलत नाही. चिलटाचा कोश तळातून वर येताना त्याच्या अंगात वायूचा बुडबुडा चमकतो. रुपेरी तार आणि मणी त्या चमकीसाठी. ही माशी पाण्याच्याच गतीने वाहिली पाहिजे. दोरा किंचित ताणला तरी ती ओढली जाते आणि मासा ओळखतो. शेवटचा दोरा मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढा जाड. तो गळाच्या डोळ्यात ओवणे मोतीबिंदू काढलेल्या माझ्या डोळ्यांना काही जमले नाही. आदल्या रात्री घरी सरावासाठी मी पंधरा मिनिटे धडपडलो. शेवटी सौभाग्यवतीने तो माझ्या हातून घेतला, टोक ओठात धरले, बोटांनी चपटे केले आणि पहिल्याच झटक्यात ओवून दिला. "जन्मभर हूक-काजे केली," ती म्हणाली, "हा काय मोठा." गळ हातात घेण्याची मात्र तिने चिमट्याने घेतली. तिचे सोवळे अजून तेवढे शाबूत आहे.

नातवाने दोन मासे धरले आणि सोडले. गळाचा उलटा काटा त्याने पक्कडीने आधीच मोडून टाकलेला असतो, म्हणजे तो सहज निघतो. मासा जाळीत, जाळी पाण्यात, एका हाताने गळ काढला की मासा मोकळा. सारे काही क्षणांत. मी पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, हा काय खेळ? खायचे नाही, तर धरायचे कशाला?

साडेबाराच्या सुमारास माझ्या दोऱ्यावरचा बोंडाएवढा नारिंगी तरंगता ठिपका थबकला. वाहत नव्हता, बुडतही नव्हता, नुसता थबकला. "उचला!" नातू ओरडला. मी काठी उचलली आणि त्या केसाएवढ्या दोऱ्याच्या टोकाला काहीतरी जिवंत आहे, हे माझ्या मनगटाला कळले. चौतीस वर्षांत माझ्या हातून किती लक्ष मत्स्यबीज गेले असेल, याचा हिशोब खात्यात असेल. पण एका माशाचा जीव माझ्या बोटांत थरथरलेला असा पहिलाच.

वीतभराहून थोडा मोठा ब्राउन ट्राउट. पिवळसर तपकिरी अंग, काळे ठिपके, त्यांत मधून मधून लाल ठिपके आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडे. गळ सहज निघाला. इथवर सारे बरोबर होते. पण मग माझ्यातला अधिकारी जागा झाला. मी त्याला पाण्याबाहेर उचलले. पाठीवरचा छोटा मांसल पर पाहिला. परांचे काटे मोजू लागलो. आणि निव्वळ सवयीने, मासळी बाजारात ताजेपणा पाहण्यासाठी हजारदा केले तसे, अंगठ्याने कल्ल्याचे झाकण उचलून आत पाहिले. लालभडक कल्ले. हवा शून्याखाली नसली तरी त्याच्या जवळपास होती. जावई काठावरून छायाचित्र काढत होते. किती वेळ गेला, कोण जाणे.

"आजोबा, पाणी! पाणी!" नातवाचा आवाज चिरकला होता.

मी त्याला पाण्यात सोडले आणि तो उलटा झाला. पांढरे पोट वर. प्रवाहाने तो दोन हात खाली वाहत गेला. नातू धावला, त्याने त्याला ओंजळीत धरले आणि माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर सोसला असता.

पुढचे मला येत होते. वाहतुकीत मरगळलेल्या बीजमाशांवर हे उपचार मी केलेले आहेत. माशाला सरळ धरायचे, तोंड प्रवाहाकडे, हात पोटाखाली सैल, दाबायचे नाही. मागे-पुढे हलवायचे नाही, लोक उगाच हलवतात; वाहते पाणीच त्याच्या तोंडातून कल्ल्यांवर जाऊ द्यायचे. मी बर्फासारख्या पाण्यात गुडघ्यांवर बसलो. पाच मिनिटांत हातांची जाणीव गेली. माझे मनगट कापत होते, म्हणून नातवाने ते आपल्या दोन्ही हातांनी धरले. आम्ही दोघे असे ओणवे किती वेळ होतो, ते जावयाने नंतर सांगितले, अकरा मिनिटे. कल्ल्याचे झाकण अधूनमधून हलू लागले. मग नियमाने. मग शेपटीने माझ्या तळव्याला एक ढुशी दिली आणि मासा काठाखालच्या अंधारात गेला.

घरी येईपर्यंत नातू बोलला नाही. रात्री माझ्या खोलीत आला आणि पलंगाच्या कडेला बसून त्याने आपल्या अडखळत्या मराठीत विचारले, "तो जगेल?"

मी त्याला खोटे सांगितले नाही. थंड पाणी, बारीक गळ, आतड्यात इजा नाही, त्यामुळे जगण्याची शक्यता चांगली. पण सोडलेले सगळेच मासे जगत नाहीत. त्याने मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाला, "मग आपण पकडतो कशाला?"

छत्तीस वर्षांपूर्वीची ओसरी माझ्यासमोर आली. अण्णांना मी आकडे सांगितले होते. या मुलाला सांगण्यासारखा आकडाही माझ्यापाशी नव्हता. तेव्हा मी त्याला त्या रात्रीची गोष्ट सांगितली. कंदील, बशी, उलटी टोपली आणि साबुदाणा. साबुदाण्यापाशी तो खदखदून हसला. मग एकदम थांबला आणि म्हणाला, "पुन्हा कधीच नाही खाल्ला?" मी म्हणालो, "कधीच नाही." आपल्या पणजोबांविषयी त्याला ठाऊक झालेली ही पहिली गोष्ट.

परतफेड म्हणून त्याने मला एक गोष्ट सांगितली. आम्ही धरलेला ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला, तिथे आणून सोडलेला. कोलोरॅडोचा स्वतःचा मासा वेगळाच, हिरव्या पाठीचा कटथ्रोट ट्राउट. १९९४ पासून तो राज्याचा मानचिन्ह-मासा आहे. खाणी, अतिमासेमारी आणि हे बाहेरून आणलेले मासे यांपुढे तो टिकला नाही. १९३७ मध्ये तो नामशेष झाला असे मानले गेले. पुढे काही ओढ्यांत तो सापडल्याचे वाटले, पण २०१२ मध्ये संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांशी जनुके ताडून पाहिली, तेव्हा खरा वंश एकाच ठिकाणी उरलेला आढळला, कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीक या ओढ्यात. आणि तो ओढा त्याच्या मूळ खोऱ्यातला नव्हताच. एकोणिसाव्या शतकात एका खाणावळवाल्याने आपल्या पाहुण्यांसाठी ते मासे तिथे नेऊन सोडले होते. घरच्या नद्यांतून तो गेला. परक्या ओढ्यात, चार-पाच मैलांच्या पाण्यात, राहिला.

मी बराच वेळ गप्प होतो. इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची जुनी लाकडी कपाटे डोळ्यांसमोर आली होती. आणि पुण्याचे पाहुणे आमच्या घरी आले की आमच्या तोंडचे जुने शब्द ऐकून हसतात, तेही. पण हे सारे चौदा वर्षांच्या मुलाला कसे सांगणार! मी एवढेच विचारले, "आता त्यांचे काय?" त्याने सांगितले की त्यांची अंडी काढून, वाढवून, मूळ खोऱ्यातल्या ओढ्यांत सोडतात. "म्हणजे तुमचेच काम, आजोबा," तो म्हणाला.

आम्ही आणखी चार वेळा ओढ्यावर गेलो. मी काठी धरली नाही. दगड उलटवून अळ्या पाहणे आणि नातवाला मासा सोडवायला मदत करणे, हे काम माझ्याकडे आले. त्याच्याही सवयीत एक फरक पडला. जाळी तो पाण्याबाहेर काढीनासा झाला. छायाचित्रही नाही.

मे महिन्यात परत आलो. जूनमध्ये त्याचा निरोप आला : हुसेनसागरच्या चिलटाची लांबी किती, रंग कोणता, अळी किती लाल? सरकारी माणसाला प्रश्न लेखी आला की उत्तर देणे भागच असते. मी संध्याकाळी टँक बंडवर गेलो. सदऱ्यावर बसलेले एक चिलट अलगद कागदी पुडीत घेतले, घरी येऊन पट्टीवर मोजले आणि कळवले. अळीचा रंग कसा सांगावा, ते सुचेना. शेवटी लिहिले, "आजीच्या कुंकवासारखा."

तीन आठवड्यांनी पाकीट आले. आत कापसावर तीन लाल माश्या. गळ अठरा क्रमांकाचे, उलटे काटे मोडलेले. सौभाग्यवतीने आपला करंडा आणून रंग ताडून पाहिला आणि बरोबर आहे म्हणाली. हुसेनसागरात त्या सोडून पाहाव्यात असा मासा कोणता, असे नातवाने खाली लिहिले होते. त्याचे उत्तर अजून मी धाडलेले नाही. माश्या माझ्या जुन्या चष्म्याच्या घरात ठेवल्या आहेत.